दोन कबुल्या

जून १९३४. पश्चिम जर्मनीतल्या हुन्सर्युक या डोंगराळ भागातले गेम्युंडेन हे गाव. कबरस्तानात एका तरुण मुलाचा दफनविधी चालला होता. मुलगा हिटलर युवक संघटनेतला, म्हणून पक्षाचे लोक गणवेशात आले होते. पाळक पाउल श्नायडर यांचा विधी होत आला तसा पक्षाचा जिल्हाप्रमुख पुढे झाला आणि म्हणाला की हा मुलगा आता होर्स्ट वेसेलच्या स्वर्गातल्या तुकडीत दाखल झाला आहे. होर्स्ट वेसेल म्हणजे १९३० मध्ये मारला गेलेला एक नाझी तरुण. पक्षाने त्याला हुतात्मा ठरवले होते आणि त्याचे गाणे राष्ट्रगीताच्या जोडीने गायले जात होते.

श्नायडर यांना राहवले नाही. अनंतकाळात होर्स्ट वेसेलची तुकडी आहे की नाही हे मला ठाऊक नाही, असे त्यांनी उघड्या कबरीपाशी उभे राहून सांगितले आणि त्या मुलाला देवाच्या हाती सोपवले. जिल्हाप्रमुखाने आपले वाक्य मुद्दाम पुन्हा म्हटले. श्नायडर यांनीही पुन्हा हरकत घेतली. हा मंडळीचा विधी आहे, इथे काय शिकवले जाते याला मी जबाबदार आहे, असे त्यांनी बजावले. लगेच त्यांना अटक झाली आणि आठवडाभर तुरुंगात राहावे लागले.

दुःखात बुडालेल्या घरच्यांसमोर, एका वाक्यासाठी एवढे कशाला, असे त्या दिवशी तिथे अनेकांना वाटले असेल. आपल्यालाही वाटू शकते. पण थोड्याच दिवसांपूर्वी तिथून उत्तरेला, वुपर नदीकाठच्या बार्मेन या गिरणगावात, नेमक्या अशाच वाक्याचे काय करायचे याचा निकाल लागला होता. जर्मनीच्या प्रोटेस्टंट मंडळ्यांचे प्रतिनिधी तिथे जमले होते आणि आपण कोणाचे ऐकतो याची जाहीर कबुली देऊन परतले होते. श्नायडर यांनी कबरीपाशी फक्त तिचा पहिला हप्ता भरला.

कबुली हा शब्द मी जाणून वापरतो आहे. मराठीत तो दोन ठिकाणी चालतो. आपल्याला मान्य असलेली गोष्ट माणूस कबूल करतो आणि हातून घडलेला गुन्हाही कबूल करतो. जर्मन भाषेतल्या 'बेकेनेन' या क्रियापदाचेही तसेच आहे. विश्वास प्रकट करायला तेच आणि पाप पदरात घ्यायलाही तेच. त्याच शब्दावरून या लोकांच्या मंडळीला 'बेकेनेंडे किर्शे' म्हणजे कबुली देणारी मंडळी असे नाव पडले. तिने १९३४ मध्ये पहिल्या अर्थाची कबुली दिली. दुसऱ्या अर्थाची द्यायला तिला १९४५ साल उजाडावे लागले, आणि तीही तेव्हा पुरी झाली नाही. या दोन कबुल्यांच्या मधली अकरा वर्षे हा या लेखाचा विषय आहे.

*

१९३३ च्या जानेवारीत हिटलर चॅन्सेलर झाला तेव्हा जर्मनीतली सुमारे दोन तृतीयांश जनता प्रोटेस्टंट होती. त्यांची एकच एक मंडळी नव्हती. २८ प्रादेशिक मंडळ्या होत्या. कुठे लूथरची परंपरा, कुठे काल्विनची, कुठे दोन्हींचा मेळ. पहिल्या महायुद्धातला पराभव, व्हर्सायच्या तहाचा सल आणि बेकारी यांनी पोळलेल्या पाळकवर्गाला नवा चॅन्सेलर ही देवाची कृपाच वाटली. पुढे नाझींचे कट्टर विरोधक म्हणून जगाला माहीत झालेले मार्टिन निमोलर महायुद्धात पाणबुडीचे कप्तान होते. त्यांनीही आपले मत हिटलरच्याच पक्षाला दिले होते.

मंडळीच्या आत एक गट तर आधीपासूनच तयार होता. तो स्वतःला 'जर्मन ख्रिस्ती' म्हणवी. एक राष्ट्र, एक नेता, तशी एकच राष्ट्रीय मंडळी आणि तिचा एकच बिशप, ही त्यांची मागणी. त्यांच्या झेंड्यावर क्रूसाच्या जोडीला स्वस्तिक असे. मे १९३३ मध्ये प्रादेशिक मंडळ्यांनी फ्रीडरिश फॉन बोडेलश्विंग या सेवाभावी पाळकांना राष्ट्रीय बिशप म्हणून निवडले, पण सरकारच्या दबावाने त्यांना महिनाभरात पायउतार व्हावे लागले. हिटलरच्या मर्जीतले लष्करी पाळक लुडविग म्युलर यांच्यासाठी जागा मोकळी झाली. २३ जुलैला मंडळ्यांच्या निवडणुका झाल्या. आदल्या रात्री हिटलर स्वतः रेडिओवर 'जर्मन ख्रिस्तीं'च्या बाजूने बोलला. त्यांना प्रचंड बहुमत मिळाले. बंदुकीच्या धाकाने ते मिळाले असते तर हा इतिहास सोपा झाला असता. पण ते रविवारी उपासनेला येणाऱ्या माणसांनी दिले होते.

सप्टेंबरमध्ये प्रशियाच्या मंडळीची धर्मपरिषद भरली तेव्हा बरेच प्रतिनिधी पक्षाचा तपकिरी गणवेश घालून आले होते. सरकारी नोकरीतून ज्यूंना काढणारा 'आर्य नियम' या परिषदेने मंडळीलाही लागू केला. ज्यू वंशाच्या पाळकाला वेदीवर जागा नाही, आणि ज्यू वंशाच्या स्त्रीशी लग्न केलेल्यालाही नाही. असे पाळक मूठभरच होते, पण प्रश्न संख्येचा नव्हता. बाप्तिस्म्याने माणूस ख्रिस्ताच्या घरचा होतो हे खरे, की त्याचे रक्त कोणते हे खरे? हा नियम मान्य करणे म्हणजे बाप्तिस्मा खोटा ठरवणे होते.

बर्लिनच्या डालेम भागात पाळक असलेल्या निमोलर यांनी त्याच महिन्यात पाळकांचा एक आणीबाणी संघ उभा केला. सदस्य होणाऱ्याला आपण फक्त पवित्र शास्त्र आणि जुने विश्वासांगीकार यांना बांधील आहोत आणि आर्य नियमाने त्यांचा भंग होतो, अशा प्रतिज्ञेवर सही करावी लागे. देशभरात प्रोटेस्टंट पाळक सुमारे १८ हजार. जानेवारी १९३४ पर्यंत त्यांतल्या सात हजारांहून अधिक जणांनी सही केली.

मधल्या काळात 'जर्मन ख्रिस्तीं'नी आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला. १३ नोव्हेंबर १९३३ ला बर्लिनच्या क्रीडाभवनात त्यांची सभा झाली. वीस हजार लोक होते. राइनहोल्ड क्राउझे या पुढाऱ्याने भर सभेत सांगितले की जुना करार टाकून द्या, पौलाचे 'रब्बी' धर्मशास्त्र टाकून द्या, आणि वधस्तंभावरच्या दुबळ्या ख्रिस्ताऐवजी वीर ख्रिस्त उभा करा. टाळ्यांचा कडकडाट झाला. पण दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात ते भाषण वाचून गावोगावचे साधे विश्वासणारे दचकले. पिढ्यान्‌पिढ्या स्तोत्रे म्हणत आलेल्या माणसाला, स्तोत्रसंहिता फेकून द्या, हे सांगणे चालणार नव्हते.

*

या दचकलेल्या लोकांचा आवाज एकत्र करायचा तर मसुदा हवा होता. मे १९३४ च्या मध्यावर तिघे जण फ्रँकफुर्टच्या एका हॉटेलात बसले. थोमास ब्राइट आणि हान्स आस्मुसेन हे दोघे लूथरपंथी, तर बॉनच्या विद्यापीठात शिकवणारे कार्ल बार्ट काल्विनच्या परंपरेतले. दुपारी जेवण झाल्यावर दोघे लूथरपंथी वामकुक्षीला गेले. बार्ट जागे राहिले. समोर कडक कॉफी आणि एकदोन ब्राझिली सिगार. त्या दुपारीच आपण मसुदा लिहून काढला, अशी आठवण ते पुढे आयुष्यभर सांगत. नंतर त्यावर चर्चा झाली, दुरुस्त्या झाल्या, पण हाडामांसाने मसुदा बार्ट यांचाच राहिला.

२९ ते ३१ मे या काळात बार्मेनच्या गेमार्के चर्चमध्ये परिषद भरली. सुमारे १४० प्रतिनिधी होते, त्यांत एकच स्त्री. त्या बाकांवर शेजारी शेजारी कोण बसले होते हे लक्षात घेतले पाहिजे. १५२९ मध्ये मारबुर्गला लूथर आणि झ्विंग्ली समोरासमोर बसले आणि प्रभुभोजनाच्या प्रश्नावर फाटले. तेव्हापासून चारशे वर्षे लूथरपंथी आणि सुधारित (म्हणजे झ्विंग्ली-काल्विन यांच्या परंपरेतल्या) मंडळ्यांनी विश्वासाबद्दल एका तोंडाने काही म्हटले नव्हते. बार्मेनला त्यांनी ते म्हटले. एर्लांगेनचे विद्वान हेर्मान सासे यांना तेसुद्धा पटले नाही. नाझींशी त्यांचे बार्टइतकेच वैर होते, पण वेगवेगळ्या परंपरांनी मिळून असा अंगीकार करणे त्यांच्या सदसद्विवेकाला मानवेना. ते मतदानाआधीच निघून गेले. ३१ मे रोजी उरलेल्यांनी घोषणापत्र एकमताने संमत केले.

त्यात सहा कलमे आहेत आणि प्रत्येकाची घडण सारखी आहे. आधी शास्त्रातले वचन, मग त्यावरून आम्ही काय मानतो, आणि शेवटी आम्ही काय नाकारतो. तिसरा भाग महत्त्वाचा. गुळमुळीत ठरावात मान्य काय ते असते, अमान्य काय ते नसते. इथे प्रत्येक होकाराला नकाराची धार होती. पहिल्या कलमाचा आशय असा की जगताना आणि मरताना ज्याचे ऐकायचे, ज्यावर भरवसा ठेवायचा, असा देवाचा शब्द एकच, येशू ख्रिस्त. त्याच्या शेजारी दुसरी कुठलीही घटना, सत्ता, व्यक्ती किंवा कथित सत्य देवाचे प्रकटीकरण म्हणून आम्ही मानणार नाही. पुढच्या कलमांत म्हटले होते की जीवनाचा कुठलाही कोपरा ख्रिस्ताच्या मालकीबाहेरचा नाही, वाऱ्याची दिशा पाहून मंडळीने आपला संदेश बदलू नये, मंडळीत कुणी कुणाचा 'नेता' नाही, आणि राज्यसंस्थेला तिचे काम देवाने नेमून दिले असले तरी माणसाच्या आयुष्याची एकमेव व्यवस्था बनण्याचा हक्क तिला नाही.

हिटलरचे नाव कुठेही नव्हते. पण १९३३ मध्ये जर्मनीला देवाचा नवा शब्द ऐकू आला असे व्यासपीठांवरून शिकवले जात होते, तेव्हा पहिले कलम कोणाला उद्देशून आहे हे गावच्या शाळामास्तरालाही कळत होते. गेम्युंडेनच्या कबरीपाशी श्नायडर यांनी जे केले ते याच कलमाला धरून होते. मेलेल्या मुलाला कोणाच्या हाती द्यायचे? ख्रिस्ताच्या, की पक्षाच्या स्वर्गाच्या?

मात्र एक गोष्ट त्या सहा कलमांत कुठेच नाही, ती म्हणजे ज्यूंचा उल्लेख. त्यांच्या दुकानांवर वर्षापूर्वीच बहिष्कार पडला होता, नोकऱ्या जात होत्या, शेजारी तोंड फिरवत होते. मंडळीत आलेल्या ज्यू वंशाच्या ख्रिस्ती माणसांसाठी आणीबाणी संघ भांडला, तरी बाप्तिस्मा न घेतलेल्या ज्यूसाठी बार्मेनमध्ये एकही ओळ लिहिली गेली नाही. निमोलर यांनी तर नोव्हेंबर १९३३ मध्ये असेही सुचवले होते की ज्यू वंशाच्या पाळकांनी काळ ओळखून मोठ्या पदांपासून दूर राहावे. त्यांना नंतर या शब्दांची लाज वाटली. ही रिकामी जागा लक्षात ठेवूनच पुढचा इतिहास वाचावा लागतो.

*

घोषणापत्राची शाई वाळण्याआधीच फूट दिसू लागली. जूनमध्ये आन्सबाखहून काही लूथरपंथी धर्मपंडितांनी उलट निवेदन काढले. एर्लांगेनचे नामवंत प्राध्यापक वेर्नर एलेर्ट आणि पाउल आल्टहाउस त्यांत होते. देवाची इच्छा कुटुंब, राष्ट्र आणि वंश यांतूनही प्रकट होते, असे त्यात म्हटले होते आणि फ्युरर म्हणजे हिटलर याच्याबद्दल देवाचे आभारही मानले होते. म्हणजे बार्मेनला उत्तर रस्त्यावरच्या गुंडांनी दिले नाही, मान्यवर विद्वानांनी दिले.

ऑक्टोबरमध्ये डालेमच्या परिषदेने पुढचे पाऊल टाकले. म्युलर यांची मंडळी ही मंडळी राहिलेली नाही, म्हणून आम्ही आमची व्यवस्था स्वतः लावतो, असे तिने जाहीर केले. इथे मात्र अनेकांचे पाय लटपटले. बव्हेरिया, व्युर्टेम्बर्ग आणि हानोव्हर इथले बिशप आपापल्या खुर्चीवर होते, त्यांच्या मंडळ्या अजून शाबूत होत्या. प्रशियात तसे काही उरले नव्हते. तिथे पाळकाला पगार, घर आणि पद पणाला लावावे लागे. शाबूत मंडळ्यांना सरकारशी बोलणी करून निभावून न्यायचे होते, उद्ध्वस्त मंडळ्यांना ते पाप वाटत होते. १९३६ च्या फेब्रुवारीत बाद ओएनहाउझेनच्या परिषदेत ही भेग उघड झाली. विरोधकांच्या त्रासापेक्षा आपल्याच माणसाचे, जरा दमाने घ्या, हे म्हणणे जास्त बोचते, आणि ते बोचणे या काळातल्या पानापानावर आहे.

सरकारला हे सोयीचेच होते. मार्च १९३५ मध्ये नव्या वंशधर्माविरुद्धचे निवेदन व्यासपीठावरून वाचू नये म्हणून सुमारे सातशे पाळकांना अटक झाली. श्नायडर त्यांत होते. बार्ट यांनी हिटलरच्या नावाची बिनशर्त शपथ घ्यायला नकार दिला. त्यांची प्राध्यापकी गेली आणि १९३५ मध्ये ते आपल्या मायदेशी, स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला परतले.

याच धामधुमीत एक धागा आपल्या वर्ध्याला येऊन भिडतो. डीट्रिश बोनहोफर हे तरुण पाळक तेव्हा लंडनमधल्या जर्मन मंडळीत होते. १९३३ च्या एप्रिलमध्येच त्यांनी लिहिले होते की चाकाखाली चिरडलेल्यांच्या जखमा बांधणे एवढेच मंडळीचे काम नाही, वेळ आली तर ते चाकच अडवले पाहिजे. असे अडवायचे कसे, हे त्यांना गांधीजींकडून शिकायचे होते. इंग्लंडमधले बिशप जॉर्ज बेल यांनी त्यांच्यासाठी गांधीजींना पत्र लिहिले. गांधीजींचा मुक्काम तेव्हा वर्ध्याला असे. १ नोव्हेंबर १९३४ रोजी त्यांनी बोनहोफरना कळवले की परतीच्या प्रवासाचे पैसे आणि इथला महिन्याचा खर्च जमत असेल तर खुशाल या, तुरुंगात नसलो तर माझ्याबरोबरच राहा. बोनहोफर आले नाहीत. मंडळीने पाळकांच्या गुप्त प्रशिक्षणासाठी त्यांना परत बोलावले. फिंकेनवाल्डे इथली ती शाळा गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, १९३७ मध्ये बंद केली. शिष्यांपैकी अनेक जण तुरुंगात गेले.

*

बार्मेनची रिकामी जागा कुणालाच दिसली नाही असे नाही. बर्लिनमध्ये एलिझाबेथ श्मिट्स नावाच्या एक शिक्षिका होत्या. मुलींना इतिहास, जर्मन आणि धर्म शिकवत. शाळा सुटल्यावर ज्यू ओळखीच्यांकडे जात, त्यांचे ऐकत आणि टिपून ठेवत. १९३५ च्या उन्हाळ्यात त्यांनी जर्मनीतल्या 'बिगर आर्यां'च्या स्थितीवर एक सविस्तर टिपण लिहिले. वर्गात इतर मुलांनी वाळीत टाकलेले मूल, कुणी विकत घेत नाही म्हणून बंद पडलेले दुकान, आत्महत्या, हे सगळे त्यात होते. आणि मंडळीला सरळ प्रश्न होता की तुम्ही गप्प का? त्यांनी स्वतः सुमारे दोनशे प्रती काढल्या आणि मंडळीच्या पुढाऱ्यांपर्यंत पोहोचवल्या. खाली नाव घातले नाही. सप्टेंबरमध्ये श्टेग्लित्सच्या परिषदेत हा विषय निघेल अशी आशा होती. तो हवा तसा निघाला नाही.

पुढच्या वर्षी एक धाडस झाले. ४ जून १९३६ रोजी मंडळीच्या नेतृत्वाने थेट हिटलरला निवेदन दिले. छळछावण्या, गेस्टापोची मनमानी आणि फ्युररची देवासारखी पूजा यांचा त्यात निषेध होता. ज्यूंचा द्वेष करणे हे कर्तव्य म्हणून लादले जात असेल तर शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा त्याच्या आड येते, हेही होते. हे गोपनीय निवेदन परदेशी वर्तमानपत्रांत फुटले. संशय फ्रीडरिश वाइसलर यांच्यावर आला. ते कायदेपंडित, मंडळीच्या कार्यालयाचे काम पाहणारे, वंशाने ज्यू आणि लहानपणी बाप्तिस्मा झालेले. मंडळीच्या नेतृत्वाने त्यांच्यापासून हात झटकले. ऑक्टोबरमध्ये त्यांना अटक झाली, आणि आणखी दोघांनाही झाली. साक्सेनहाउझेनच्या छावणीत वाइसलर यांना त्या दोघांपासून वेगळे काढण्यात आले. कारण एकच, त्यांचा वंश. १९ फेब्रुवारी १९३७ रोजी मारहाणीत त्यांचा जीव गेला. मंडळीचा पहिला हुतात्मा असा गेला, आणि जिवंतपणी मंडळीने त्याला एकटे पाडले होते.

श्नायडर यांच्यावर तेव्हा अटकांमागून अटका चालू होत्या. १९३७ मध्ये त्यांना ऱ्हाइनलँडमधून हद्दपार करण्यात आले. म्हणजे डिकेनशिड आणि व्होमराट या आपल्या दोन गावांत पाऊल ठेवायचे नाही. घरी पत्नी ग्रेटेल आणि सहा मुले. पाळकाला त्याच्या कळपापासून तोडायचा अधिकार सरकारला नाही, असे त्यांनी कळवले आणि ३ ऑक्टोबरला, सुगीच्या आभार-उपासनेच्या रविवारी, डिकेनशिडच्या व्यासपीठावर ते उभे राहिले. त्याच संध्याकाळी व्होमराटला जाताना त्यांना पकडले. नोव्हेंबरमध्ये त्यांची रवानगी बूखनवाल्डला झाली. हद्दपारी मान्य असल्याची एक सही केली असती तर ते सुटले असते. सहीचा कागद आत होता, घर बाहेर होते.

एप्रिल १९३८ मध्ये हिटलरच्या वाढदिवशी छावणीत झेंड्याला सलामी होती. सगळ्यांनी टोप्या काढल्या. श्नायडर यांनी काढली नाही. त्यांना लाकडी घोड्यावर बांधून पंचवीस फटके मारण्यात आले आणि मग एकान्तकोठडीत टाकण्यात आले. तिथे ते वर्षाहून अधिक काळ होते. कोठडीची खिडकी उंच होती आणि हजेरीच्या मैदानाकडे उघडत होती. मारहाणीने सुजलेल्या हातांनी ते गजाला लटकून वर चढत आणि मैदानात उभ्या असलेल्या हजारो कैद्यांना ओरडून वचने सांगत, धीर धरा म्हणत, छावणीतल्या खुनांना मोठ्याने खून म्हणत. दोनचार वाक्ये होत, मग पहारेकऱ्यांचे बूट वाजत, मग मार. पुन्हा काही दिवसांनी खिडकीत तोच आवाज येई. याच्या आठवणी लिहून ठेवणाऱ्यांत पाळकांशी एरवी ज्यांचे काही जुळले नसते असे समाजवादी आणि कम्युनिस्टही आहेत. मैदानात तेही उभे होते आणि तो आवाज त्यांच्यासाठीही होता.

१८ जुलै १९३९ रोजी छावणीच्या दवाखान्यात विषारी मात्रेच्या इंजेक्शनने त्यांना मारण्यात आले. ग्रेटेल स्वतः बूखनवाल्डला गेल्या आणि सीलबंद शवपेटी घेऊन आल्या. डिकेनशिडला दफनाच्या दिवशी गेस्टापोच्या नजरेसमोर आसपासच्या गावांतून लोक आले. पायघोळ झगे घातलेले सुमारे दोनशे पाळक शवपेटीमागून चालले.

*

त्या दोनशे पाळकांना पाहून मन भरून येते. पण आदल्या वर्षीचा नोव्हेंबर विसरून चालत नाही. ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री जर्मनीभर ज्यूंची सभास्थाने पेटवली गेली. बार्मेनचे सभास्थानही नष्ट झाले. कबुली देणाऱ्या मंडळीच्या नेतृत्वातून जाहीर निषेध उठला नाही. त्याच उन्हाळ्यात तिच्या बहुतेक पाळकांनी हिटलरच्या नावाची शपथही घेतली होती, आणि नंतर सरकारकडूनच कळले की ती सक्तीची नव्हतीच.

बोलले ते एकेकटे बोलले. व्युर्टेम्बर्गमधल्या ओबरलेनिंगेन या गावात युलिउस फॉन यान हे पाळक होते. १६ नोव्हेंबर हा पश्चात्तापाचा वार्षिक दिवस. त्यांनी यिर्मयाच्या पुस्तकातून वचन घेतले आणि जे जळाले ते देवाचे मंदिर होते, झाले तो गुन्हा होता, असे व्यासपीठावरून स्पष्ट सांगितले. नऊ दिवसांनी जमावाने त्यांना घेरून बेदम मारले, पुढे शिक्षाही झाली. बर्लिनमध्ये एलिझाबेथ श्मिट्स यांनी, हे सरकार सांगते ते मी मुलींना शिकवू शकत नाही, म्हणून नोकरीवर पाणी सोडले. युद्धकाळात त्यांनी ज्यूंना घरात आसरा दिला. त्या १९७७ मध्ये वारल्या तेव्हा त्यांच्या टिपणाचे श्रेय दुसऱ्याच एका बाईंच्या नावावर होते. २००४ मध्ये हानाउ शहरातल्या चर्चच्या तळघरात त्यांची जुनी कागदांची बॅग सापडली आणि हस्ताक्षरातले मसुदे पाहून शंका उरली नाही.

निमोलर यांना जुलै १९३७ मध्ये अटक झाली. न्यायालयाने दिलेली शिक्षा भोगून झाली असतानाही हिटलरचे खास कैदी म्हणून ते आधी साक्सेनहाउझेन आणि मग डाखाउच्या छावणीत युद्ध संपेपर्यंत राहिले. बोनहोफरना ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनब्युर्गमध्ये फाशी झाली. हिटलरविरुद्धच्या कटात सामील होऊन त्यांनी चाक अडवायचा प्रयत्न केला होता.

सुटकेनंतर निमोलर पत्नी एल्झे यांना घेऊन डाखाउ पाहायला गेले. दहनभट्टीपाशी एक फलक होता. १९३३ ते १९४५ या वर्षांत इथे किती माणसे जाळली गेली ते त्यावर लिहिले होते. आकडा वाचून एल्झे थरकापल्या. निमोलर यांची नजर मात्र वर्षांवर खिळली. १९३७ पासून मी कैदेत होतो, मला कोणी जाब विचारू शकत नाही. पण १९३३ ते १९३७ ही चार वर्षे? तेव्हा मार्टिन निमोलर कुठे होता? हा प्रश्न घेऊन ते पुढे गावोगाव फिरले. लोकांनी त्यांना हुतात्म्यासारखे डोक्यावर घ्यायची तयारी केली होती, आणि ते व्यासपीठावर चढून स्वतःवरच आरोप ठेवत होते. कितीतरी श्रोते चिडून उठून गेले.

१९४५ च्या ऑक्टोबरमध्ये श्टुटगार्टला मंडळीच्या अकरा पुढाऱ्यांनी दुसऱ्या अर्थाच्या कबुलीवर सह्या केल्या. निमोलर त्यांत होते आणि बार्मेनच्या मसुद्यावर बसलेले आस्मुसेनही. आमच्यामुळे अनेक राष्ट्रांवर अपार दुःख ओढवले, आम्ही यापेक्षा धैर्याने विश्वास जाहीर करायला हवा होता, यापेक्षा जास्त प्रेम करायला हवे होते, असा तिचा सूर होता. पण ज्यूंचा उल्लेख तिच्यातही नव्हता. बार्मेनची रिकामी जागा श्टुटगार्टलाही रिकामीच राहिली.

ती भरायला माणसांची आयुष्ये गेली. १९६७ मध्ये, ऐंशी ओलांडलेले कार्ल बार्ट बोनहोफर यांच्या चरित्रकाराला लिहितात की ज्यूंचा प्रश्न १९३४ मध्ये निर्णायक म्हणून मांडायला हवा होता आणि तसे न केल्याचा दोष आपण स्वतःकडे घेतो. घोषणापत्र त्यांनी मागे घेतले नाही, ते आयुष्यभर त्याच्या पाठीशी राहिले. पण ते आपल्याकडून अपुरे राहिले हे त्यांनी लिहून दिले. १९८० च्या जानेवारीत, बार्मेन आणि डिकेनशिड ही गावे जिच्यात येतात त्या ऱ्हाइनलँडच्या मंडळीने आपल्या परिषदेत ज्यूंच्या संहारातली ख्रिस्ती लोकांची जबाबदारी आणि अपराध स्पष्ट शब्दांत मान्य केले.

आपल्याकडे उपासनेत विश्वासांगीकार म्हणताना सगळे उभे राहतात. लहानपणापासून म्हणत आल्यामुळे त्याचे शब्द जिभेवर आपोआप येतात. हा इतिहास वाचल्यापासून मला त्या उभे राहण्याची भीती वाटते आणि ओढही वाटते. उभे राहिलेल्या माणसाला कुणीतरी पुढे नेऊन विचारणार की ज्याचे नाव तू घेतोस त्याचा शेजारी कोण? श्नायडर यांना तो प्रश्न कबरीपाशी आला, श्मिट्स यांना शाळेत, वाइसलर यांना मंडळीच्याच कार्यालयात. सत्यासाठी उभे राहणे त्या तिघांनी जितके विरोधकांसमोर केले तितकेच आपल्या माणसांसमोर केले, आणि दुसरे काम जास्त एकटेपणाचे होते.

गेमार्के चर्च युद्धातल्या बॉम्बहल्ल्यात कोसळले होते. नंतर ते पुन्हा बांधले गेले. आज त्याच्या शेजारी एक सभास्थान आहे. २००२ च्या डिसेंबरमध्ये ते उघडले, आणि त्याला लागणारी जमीन गेमार्केच्या मंडळीने आपल्या आवारातून काढून दिली. त्या आवारात आता शब्बाथला एका दारातून लोक आत जातात आणि रविवारी दुसऱ्या दारातून, आणि दोन्हीकडे तीच स्तोत्रे म्हटली जातात.